निरोगी क्रमांक एक

कोल्हापुरात शाहूपुरीच्या गूळ बाजारात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कितीही पिवळाधमक असला, तरी व्यापारी नुसत्या दिसण्यावर जात नाही. नखानं टोकरतो, जिभेवर ठेवतो आणि मगच तोंड उघडतो. या बाजाराच्या मागच्या गल्लीत डॉक्टर अमरसिंह इंगवले यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. त्याच्या पहिल्या मजल्यावर, बाजाराकडं खिडकी असलेल्या खोलीत, प्रभुलिंग मगदूम रक्त तपासायचा. खालून गुळाचा वास यायचा आणि खोलीत स्पिरिटचा. इतक्या वर्षांत त्याच्या नाकाला दोन्ही वास वेगळे लागेनासे झाले होते.

माणूस हाडाचा सरळ. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. मटणाच्या गावात राहून जन्मात मटण चाखलं नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलं नसतानाही तो सांगायचा. त्याच्या रिपोर्टवर सगळ्या गावाचा भरवसा. शाहूपुरीतले, राजारामपुरीतले, पार लक्ष्मीपुरीतले डॉक्टर रक्ताच्या बाटल्या त्याच्याकडंच पाठवायचे. काचेच्या नळीतला रंग किती गडद झाला हे मशीनची सुई हलायच्या आधी तो नुसत्या नजरेनं सांगायचा आणि दहात नऊ वेळा बरोबर निघायचा. दहाव्या वेळी मशीन चुकलं असं म्हणायचा.

शहाऐंशी साली तो इथं लागला तेव्हा लहान लॅबला एक अडचण असायची. पेशंटच्या रक्ताबरोबर रोज एक निरोगी रक्तही तपासावं लागतं. निरोग्याचा आकडा बरोबर आला तर बाकीच्यांचे खरे मानायचे. अशा निरोगी रक्ताच्या तयार बाटल्या तेव्हा कोल्हापुरात मिळत नसत. मग प्रभुलिंगनं आपलाच दंड पुढं केला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उपाशीपोटी, एका हातानं दुसऱ्या हाताचं रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं, बारीक बाटल्यांत भरून बर्फात ठेवायचं. अशी सात वर्षं. साखर कायम पंच्याऐंशी-शहाऐंशी. लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीला बसला की शेजारच्याला सांगायचा, "पावणं, निम्म्या कोल्हापूरची साखर माझ्या रक्तावर मोजत्यात." त्र्याण्णवमध्ये मुंबईहून तयार बाटल्या यायला लागल्या आणि त्याचं रक्त रिटायर झालं. गड्याला ते जरा लागलंच.

त्याचा थोरला भाऊ नागाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. त्याला साखरेचा आजार जडला, सत्याऐंशीत डोळे गेले, एक्क्याण्णवमध्ये तो स्वतः गेला. मधली चार वर्षं त्याची बायको दानम्मा त्याला मनगटाला धरून फिरवायची. मनगटालाच. हाताला धरलं की तो हात झटकायचा. प्रभुलिंग सणावाराला जायचा आणि हे बघायचा. लिंगायताच्या घरात सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्यावर नजर लावून बसायची रीत. नागाप्पा तळहातावरचं लिंग दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपत बसलेला असायचा. ते प्रभुलिंगला बघवत नसे. तो परसात जाऊन उभा राहायचा. मनात त्यानं एक ठरवून टाकलं होतं, की हा आजार अण्णाचा होता आणि अण्णाबरोबर गेला. लॅबमधला माणूस असं कसं धरून चालतो, असं कुणी म्हणेल. पण दिवसभर दुसऱ्याचं रक्त बघणाऱ्यालाच आपलं बघायची जास्त धास्ती असते.

सत्त्याण्णव साली डॉक्टर इंगवल्यांच्या डोक्यात एका अभ्यासानं घर केलं. साखरेच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावर रक्त झिरपतं, पण ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधीच रक्तात किंवा डोळ्यांच्या पाण्यात काही खूण मिळते का, हे त्यांना शोधायचं होतं. साठ साखरवाले आणि तीस निरोगी माणसं घ्यायची. दर तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातली उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर मोजायची. डोळ्याच्या पाण्यातली साखर आणि एक प्रथिन मोजायचं. साखरवाल्यांचा पडदा दरवर्षी तपासायचा. निरोग्यांचा एकदा सुरुवातीला आणि एकदा चौथ्या वर्षाच्या अखेरीस. डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला गोळा केलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "निरोगी क्रमांक एक कोण, हे इचारायचं कारणच न्हाय. प्रभुलिंग, कर बाही वर!"

सगळे हसले. प्रभुलिंगही हसला. इतक्या वर्षांनी आपलं रक्त पुन्हा कामाला आलं म्हणून तो मनापासून खूश होता. डॉक्टरांनी त्याचा पडदा बघितला, साफ होता.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं स्वतःची बाटली मशीनला लावली. साखरेचा आकडा आला एकशे चौऱ्याण्णव.

त्यानं तपासणीच्या औषधाची नवी बाटली फोडून पुन्हा केलं. एकशे ब्याण्णव. त्यानं नळी धुतली, मशीन बंद करून चालू केलं, तिसऱ्यांदा केलं. मग खिडकीशी जाऊन खाली बघत राहिला. एक व्यापारी रवा टोकरून जीभ टाळ्याला लावत होता.  परत येऊन त्यानं रजिस्टर ओढलं आणि 'निरोगी क्र. १' पुढं लिहिलं शहाऐंशी.

आजच्यापुरतं लिहू, उद्या नीट बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सराईत लबाडाला एका खोट्यातून दुसरं काढून निसटता येतं. सरळ माणूस पहिल्याच खोट्यात गाडीच्या बैलासारखा जुंपला जातो.

कारण नीट बघायचं तर कुठं? कोल्हापुरातल्या कुठल्याही डॉक्टरकडं गेला असता तरी तो म्हणाला असता, आधी रक्त तपासून आणा. आणि ते रक्त फिरून प्रभुलिंगच्याच टेबलावर आलं असतं, चिठ्ठीवर त्याचंच नाव घेऊन. गोळ्या देणारा औषध दुकानदारही ओळखीचा. आणि तोंड उघडलं तर पुढं काय होतं हेही त्यानं पाहिलं होतं. हॉस्पिटलातले जुने कंपाउंडर गणपतराव, नजर मंदावली म्हणून त्यांना आधी दारावर नावं लिहायला बसवलं आणि मग हार घालून घरी पाठवलं. प्रभुलिंगची सगळी भाकरी नजरेवर. पोरगी शिवांजली अजून शाळेत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

शेवटी एका रविवारी त्यानं निपाणीची एस.टी. धरली. तिथल्या एका डॉक्टरला कानडीत आपली तब्येत सांगितली. नाव विचारलं तेव्हा तोंडातून आलं, नागाप्पा मगदूम. गोळ्या मिळाल्या. वर डॉक्टरनं प्रेमानं सल्ला दिला, "तीन महिन्यांची साखर एकदा करून घ्या. इकडं नको, कोल्हापूरला जा. शाहूपुरीत इंगवल्यांच्या लॅबमध्ये तुमच्याच आडनावाचा एक माणूस आहे. त्याचा रिपोर्ट म्हणजे दगडावरची रेघ."

प्रभुलिंगनं मान डोलावली. परतीच्या वाटेत कागलपर्यंत तो एकटाच हसत होता आणि कागल सोडल्यावर त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

गोळ्या कितपत लागू पडतात हे तर कळायला हवं होतं. पण तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीची औषधं अभ्यासापुरती मोजून आलेली. एकेका तपासणीपुढं पेशंटचा नंबर टाकल्याशिवाय थेंब वापरायची सोय नव्हती. नियम प्रभुलिंगनंच केलेला. तेवढ्यात सत्तेचाळीस नंबरचा पेशंट बदली होऊन पुण्याला गेला. मोकळ्या जागेत त्यानं लिहिलं, नागाप्पा मगदूम, वखारीमागे, निपाणी. पत्ता खोटा द्यावा हे त्याला सुचलं नाही. अण्णाचं नाव लिहिलं की पत्ता आपोआप हातातून उतरला. अशा रीतीनं एकाच माणसाचं रक्त त्या रजिस्टरात दोन ठिकाणी राहायला लागलं. वर निरोगी क्रमांक एक, त्याची साखर शहाऐंशी, कधी सत्त्याऐंशी. खाली सत्तेचाळीस नंबरचा नागाप्पा, त्याचे आकडे खरे.

डोळ्याचं पाणी घ्यायची पद्धत सोपी होती. गाळणकागदाची बोटभर लांब, काडीएवढी रुंद पट्टी कापायची, टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं डोळा मिटून बसायचं. पट्ट्या प्रभुलिंगच कापायचा. राधानगरीकडची बयाबाई म्हणून एक म्हातारी पेशंट होती, तिला पहिल्यांदा बसवलं तेव्हा तिनं विचारलं, "रडू का आता?"

"रडायचं न्हाय, मावशी. नुसतं बसायचं. रडल्यालं पाणी चालत न्हाय."

"का बरं?"

"रडलं की पाणी लई येतं आणि पातळ येतं. आकडा खोटा पडतो."

"बरं झालं," बयाबाई म्हणाली. "माझं रडायचं कवाच संपलंय."

सत्तेचाळीस नंबरची पट्टी प्रभुलिंग दुपारच्या सुट्टीत लावायचा. बेसिनवरच्या आरशात बघून पापणीत कागद अडकवायचा आणि स्टुलावर डोळे मिटून बसायचा. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत त्याला हटकून नागाप्पा आठवायचा. पण पट्टी कधी ठरलेल्या रेषेपलीकडं भिजली नाही. नागाप्पा मगदूमचा नमुना कायम उत्तम यायचा.

अशी तीन वर्षं गेली. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. निपाणीला जायला दर महिन्याला कारण कुठून आणणार? घरी डबा तोच, चहा तोच गोड, खाली अडतीवरून कुणी नव्या गुळाचा खडा दिला तर नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांचे पाय धरले असते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्याचा मायक्रोस्कोप बिघडला. बघताना मधोमध काळे केस तरंगायचे. त्यानं भिंग काढून पुसलं. दुसऱ्या दिवशी परत केस. स्पिरिटनं पुसलं, रेशमी फडक्यानं पुसलं, भिंग विकणाऱ्या कंपनीच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी पूजेला बसला, तळहातावर लिंग घेतलं आणि नजर लावली, तर काळ्या लिंगावर तेच केस तरंगताना दिसले. त्यानं उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला नुसता धूर दिसला आणि धुरात कुठंतरी काळं. त्याची बोटं आपसूक पुढं झाली आणि लिंग चाचपायला लागली. काय करतोय हे लक्षात आल्यावर त्यानं हात असा मागं घेतला, की जणू चटका बसला.

त्याच जूनमध्ये डॉक्टर सगळ्यांचे आकडे घेऊन बसले. साठांपैकी नऊ जणांच्या डोळ्याच्या पाण्यातला आकडा चढत होता. त्या नऊजणांना बोलावून पडदा तपासा, लेसरची गरज असेल तर करा, असं ठरलं. सगळ्यांत वर चढलेली रेघ होती सत्तेचाळीस नंबरची.

"ह्यो नागाप्पा कोण रं? तुझा भाऊबंद का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या आडनावाची लई घरं हायत तिकडं, साहेब."

"रक्त द्यायला येतोय, मग डोळं दाखवायला का येत न्हाय? पडद्याचा रकाना तीन वर्षं मोकळा!"

"तो येतो तवा तुम्ही आपरेशनात असताय."

"त्याला पत्र घाल. आत्ता. मी सांगतो तसं लिही."

आणि प्रभुलिंगनं पोस्टकार्ड घेऊन लिहिलं. 'श्री. नागाप्पा मगदूम यांस. तुमच्या डोळ्यांची तपासणी तातडीनं करणं जरूर आहे. ताबडतोब यावं.' ते कार्ड फाडून टाकता आलं असतं. पण जावक रजिस्टरात नोंद झाली, शिपाई पिराजी सगळी पत्रं उचलून पोस्टात टाकायला निघाला आणि प्रभुलिंग नुसता बघत राहिला. रक्ताच्या आकड्यात खोटं लिहिणारा हा माणूस जावक रजिस्टरात नोंदलेलं पत्र दडवू शकत नव्हता. त्यातल्या त्यात त्यानं मनाशी म्हटलं, वैनीला वाचता येत नाही, ठेवून देईल कुठंतरी.

बाकीचे आठ आले. बयाबाई तर पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर. "कागुद आला तशी पयल्या गाडीनं आलो बघा." तिच्या पडद्यावर नुकतं कुठं झिरपायला लागलं होतं. डॉक्टरांनी लेसर केलं. महिन्याभरानं ती पुन्हा आली ती प्रभुलिंगसाठी तांदूळ घेऊन. "खडं मीच येचल्यात," ती म्हणाली, "एक गावला तर सांगा." प्रभुलिंगनं मूठभर तांदूळ हातावर घेतले आणि डोळ्यांजवळ आणले. पांढरं होतं, एवढं त्याला दिसलं. बयाबाईचा त्याला इतका हेवा वाटला की तो तिच्याशी धड बोललाही नाही, आणि नंतर दिवसभर त्याला त्याची लाज वाटत राहिली.

ऑगस्टमध्ये दुसरं पत्र गेलं, 'उशीर झाल्यास दृष्टीला धोका आहे.' ऑक्टोबरमध्ये तिसरं. ते सांगताना डॉक्टर टेबलावर हात आपटत होते. "लिही, आता आला न्हाईस तर आंधळा होशील. असंच लिही! खरं ते लिहायला लाजायचं कशाला?" प्रभुलिंगनं लिहिलं. अक्षर ओळीवरून खाली घसरत होतं. डॉक्टरांनी सही केली आणि म्हणाले, "मला कळत न्हाय, माणूस येवडा दगड कसा असतो. त्याला पोरंबाळं न्हाईत का?"

"एक मुलगी हाय," प्रभुलिंग म्हणाला आणि जीभ चावली.

त्या वेळी सांगून टाकावं असं त्याला वाटलं नसेल? रोज वाटायचं. जिन्याच्या एकोणीस पायऱ्या मोजत वर येताना वाटायचं. पण आता सांगणं नुसतं 'मला साखर आहे' एवढ्यावर भागणार नव्हतं. तीन वर्षांचा निरोगी क्रमांक एक खोटा, सत्तेचाळीस नंबर खोटा, म्हणजे डॉक्टरांचा सगळा अभ्यास नासला. आणि ज्यानं हे दोन आकडे खोटे लिहिले, त्याचे चौदा वर्षांचे बाकीचे आकडे खरे कशावरून? निम्मं कोल्हापूर त्याच्या रिपोर्टवर औषधं खात होतं. शिवाय डिसेंबरात निरोग्यांचा शेवटचा पडदा तपासायचा होता. यादीत पहिलं नाव त्याचंच. तो डिसेंबरची वाट बघायचा आणि डिसेंबर येऊ नये म्हणून देवाला आळवायचा. काम आता तो सवयीनं करत होता. पेशी मोजायला पिराजीची शाळा शिकलेली भाची मदतीला घेतली होती, "तुला शिकवतोय" असं सांगून.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी अकराच्या सुमाराला लॅबच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. दारात उजेड होता, त्यामुळं त्याला नुसती आकृती दिसली. नऊवारी, डोक्यावर पदर.

"कोण पायजे, मावशी?" त्यानं विचारलं.

 मग आवाज आला, "प्रभू, मी दानम्मा."

 "वैनी? उजेडात उभं ऱ्हायलाय, कळलंच न्हाय. या की, बसा."

ती आत आली आणि बसली. पिशवीतून शेंगांच्या पोळ्यांचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी तीन पोस्टकार्डं मांडली. "पयलं आलं ते देवळीत ठेवलं. म्हटलं सरकारी कागुद, मागनं येत असतील. दुसरं शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलं. तिसरं वाचताना ती पोरगीच घाबरली." तिनं तिसरं कार्ड त्याच्यापुढं सरकवलं. "नऊ वर्सं झाली त्येला जाऊन. आता कोण बोलावतंय त्येला? आंधळा होशील म्हणं! आंधळा हुऊनच गेला की तो, यप्पा! ह्ये असलं पत्र माझ्या दारात घालायला तुमच्या डॉक्टरला मी काय केलंय?"

"चूक झाली, वैनी. त्याच नावाचा दुसरा एक पेशंट हाय."

"दुसऱ्याचा पत्ता माझ्या दारचा कसा?"

"लिवताना चुकला असंल कुणीतरी."

"तू असताना?"

 "थांबा, पाणी देतो," म्हणून तो उठला, माठाकडं गेला. ओळखीची जागा, ओळखीचा पेला. उजव्या हातानं त्यानं ओगराळं बुडवलं आणि पेल्यात पाणी ओतलं. ओतताना डाव्या हाताचं एक बोट पेल्याच्या काठाच्या आत वाकवून धरलं होतं. पाणी बोटाला लागलं तसा तो थांबला. पेला घेऊन वळला आणि तिच्यापुढं ठेवला.

दानम्मानं पेल्याला हात लावला नाही. ती त्याच्या बोटाकडं बघत होती.

"ह्ये बोट कवापासनं घालतोस?" तिनं विचारलं.

"कुठलं बोट?"

"पाणी कुठवर आलं ते बघायला. त्यो असंच घालायचा. मी रागवायची, बोट बुडीवलेलं पाणी पावण्याला देऊ नगा म्हणून. मग एक दिस म्हणाला, दानी, दुसरं कसं कळणार?" ती उभी राहिली. त्याच्या अगदी जवळ येऊन तिनं त्याच्या तोंडापुढं हात हलवला. डाव्या बाजूला हलवला तेव्हा त्याची पापणी लवली नाही. "प्रभू, तुला दिसत न्हाय."

"दिसतंय की. जरा धुरकट..."

"गप." तिनं टेबलावरची तिन्ही कार्डं उचलली आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. हात नव्हे, मनगट. "डॉक्टर कुठं बसतो?"

"वैनी, सोडा. पाया पडतो. नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे."

"माणसं बघत्यात, वैनी."

"बघू देत. तुला कुठं दिसत्यात?"

ती त्याला पॅसेजमधून घेऊन निघाली. रांगेतले पेशंट बाजूला झाले. कुठं पायरी आहे, कुठं बाक पुढं आलंय, हे ती मनगटावर बोटाचा दाब देऊन सांगत होती. चार वर्षांची सवय, नऊ वर्षांत मोडली नव्हती. प्रभुलिंगनं आधी दोन पावलं अंग चोरलं. मग त्याच्या लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तो पावलं न मोजता चालत होता. डॉक्टरांच्या दारावर टकटक न करताच तिनं दार ढकललं, कार्डं त्यांच्यापुढं टाकली आणि म्हणाली, "हा घ्या तुमचा नागाप्पा."

डॉक्टरांनी कार्डांवरचं अक्षर बघितलं, प्रभुलिंगचं मनगट बघितलं. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. आधी ते ओरडले. सगळ्या मजल्यानं ऐकलं. चार वर्षं मातीत घातलीस, म्हणाले. मग त्याची हनुवटी मशीनवर टेकवून औषध घातलं आणि दोन्ही पडदे बघितले. तपासताना त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. डाव्या डोळ्यात रक्त भरलं होतं. त्यात आता करण्यासारखं काही नव्हतं. उजवा हातचा जाण्याच्या बेतात होता, पण लगेच लेसर केलं तर काही दृष्टी राहील असं ते म्हणाले.

"पत्र गेल्या गेल्या आला असतास तर दोन्ही वाचलं असतं," ते म्हणाले. "बयाबाईचं वाचलं की. तुझंच पत्र, तुझ्याच हातानं लिवून घेतलं मी."

"व्हय, साहेब."

"तीन वेळा."

"व्हय."

डॉक्टरांनी आकड्यांचा तक्ता पुढं ओढला. साठ पेशंटांत चढत्या आकड्याचे नऊ होते. आठजणांना उपचार मिळाला. उपचार न घेतल्यावर काय होतं हे दाखवणारा एकच होता, आणि तो शेजारच्या खोलीत बसून त्यांच्या तोंडची पत्रं लिहून घेत होता. हे त्यांनी कुणालाही बोलून दाखवलं नाही. रजिस्टर मागवलं, निरोगी क्रमांक एकवर रेघ मारली आणि सत्तेचाळीस नंबरपुढचं नाव खोडून तिथं प्रभुलिंग मगदूम लिहिलं.

लेसर दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. रात्री घरी काय बोलणं झालं ते त्या घरालाच ठाऊक. सकाळी बायको, शिवांजली आणि दानम्मा अशा तिघी त्याच्याबरोबर आल्या. लेसरआधी खऱ्या नावानं एक शेवटचा नमुना घ्यायचं डॉक्टरांनी ठरवलं. पट्टी त्यांनी स्वतः कापली, वाकडीच कापली. प्रभुलिंग स्टुलावर बसला. आरसा नव्हता, आरशाची गरजही नव्हती. डॉक्टरांनी टोक दुमडून उजव्या पापणीत अडकवलं आणि घड्याळ लावलं.

"नाव?" रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं.

"प्रभुलिंग," तो म्हणाला. "प्रभुलिंग मगदूम."

त्यानं डोळे मिटले. अर्धं मिनिट झालं नसेल, तोच पट्टी पहिल्या रेषेपर्यंत भिजली, मग दुसऱ्या, मग टोकापर्यंत भिजून तिच्यातून थेंब गळायला लागले. तीन वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी काढली, बघितली आणि टाकून दिली.

"हे चालायचं न्हाय," ते हळू म्हणाले. "दुसरी लावतो."

ते कात्री घ्यायला वळले, तशी भिंतीशी उभी असलेली दानम्मा पुढं आली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आधी रडू दे त्याला. कागुद मागनं लावा."